लहानू की लहानूजी?

लहानूजी ताकसांडे यांना बस येण्याआधीच बस आल्याचं जाहीर करायची सवय होती. वर्ध्याच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक. "आर्वीकडे जाणारी बस फलाटावर लागत आहे!" असं ते माइकवर खणखणीत आवाजात सांगायचे, तेव्हा ती बस आगारातून निघालेलीसुद्धा नसायची. लोक अर्धा चहा टाकून, पोरं काखेत मारून धावायचे, आणि फलाटावर एक गाय रवंथ करत उभी असायची! कुणी जाब विचारलाच, तर लहानूजी शांतपणे म्हणायचे, "अरे, येऊन तं राह्यली न! आल्यावर सांगाले मी कायले पाह्यजे? आल्यावर तं दिसतेच!"

आता अशा माणसाच्या पोरीला इंग्लंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर काय झालं असेल, ते तुम्हीच ताडा.

पोरगी मात्र बापासारखी नव्हती. मयुरी कमी बोलायची आणि जास्त वाचायची. वस्त्रतंत्राची पदवी घेऊन ती एका जिनिंग कारखान्याच्या प्रयोगशाळेत कापसाचा धागा तपासायला होती. फाटक्या-जुन्या कपड्यांतून पुन्हा चांगलं सूत कसं काढायचं, हे तिला शिकायचं होतं, आणि ते शिकवणारं विद्यापीठ तिनेच शोधलं. फीपुरती शिष्यवृत्ती तिनेच मिळवली. राहण्या-खाण्यापुरता पैसा बापाच्या खात्यात असल्याचं दाखवायचं होतं, तेही कागद तिनेच जमवून संगणकावर चढवले. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला एकटी गेली आणि एकटी आली. आता फक्त व्हिसा यायचा होता.

"व्हिसा म्हनजे काय, शिक्का!" लहानूजींनी बसस्थानकाच्या कँटीनमध्ये जाहीर केलं. "ठप्पकन मारला की झालं! माह्या पोरीले नाई म्हनाची हिंमत कोनाची?"

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या राहत्या पिपरी मेघे गावच्या चौकात फ्लेक्स झळकला. 'कु. मयुरी लहानूजी ताकसांडे यांचे इंग्लंडगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन!' मयुरीचा फोटो पासपोर्टाएवढा आणि लहानूजींचा दरवाजाएवढा. मागे एक विमान, आणि ते विमान नेमकं लहानूजींच्या कानात शिरताना दिसत होतं.

"बाबा, व्हिसा तं येऊ द्याचा होता," मयुरी म्हणाली.

"येऊन तं राह्यला न!"

रविवारी विहाराच्या सभागृहात निरोपाचं जेवणही झालं. लोकांनी जवसाची चटणी, लसणाची चटणी, सांडगे, पापड आणि एकाने थंडी वाजेल म्हणून चक्क गादी दिली. मयुरीची आई तानाबाई त्या ढिगाकडे पाहून म्हणाली, "विमानात जाऊन राह्यली का ट्रकमदी?"

आणि सोमवारी ई-मेल आला. व्हिसा नामंजूर!

कारण वाचून मयुरीने ते बापाला मराठीत सांगितलं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव 'लहानू'. बँकेच्या खात्यावर नाव 'लहानूजी'. तेव्हा खातेदार हाच अर्जदाराचा बाप आहे, याचा पुरावा दिलेला नाही. सबब हा पैसा अर्जदाराच्या उपयोगाचा धरता येत नाही.

लहानूजी खुर्चीवर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले.

"म्हनजे मी मी नाई?"

"तुमी तुमीच आहे, बाबा. पण तुमच्यातला जी तिकडच्या साहेबाच्या ध्यानात नाई आला."

त्याचं असं, की लहानूजी जन्मले तेव्हा नुसते लहानू होते. आपल्याकडे माणूस कामाला लागला, दोन शब्द नीट बोलू लागला, की त्याच्या नावाला लोक आपोआप जी लावतात. तसा तो लहानूंनाही लागला. बँकेत खातं उघडताना तिथल्या भल्या माणसाने आदराने फॉर्मवरही तो लिहून टाकला, आणि तेव्हापासून बँकेत लहानूजी आणि बाकी सगळीकडे लहानू असे दोघं सुखाने नांदत होते. आता साता समुद्रापलीकडचा एक साहेब म्हणत होता, की हा जी कोण?

"पन आपन प्रतिज्ञापत्र केलतं न!" लहानूजी ओरडले. "लहानू अन् लहानूजी एकच मानूस म्हनून! कोर्टात जाऊन केलतं!"

"केलतं. इंग्रजी भाषांतरासकट चढवलंबी होतं. त्यानं ते पाह्यलंच नाई."

एवढं बोलून मयुरीने ताट वाढून घेतलं. वरण, भात, वांग्याची भाजी, वर लिंबू. सावकाश जेवली. तानाबाई दारात उभी राहून पाहत होती. पोरगी रडेल, मग आपण जवळ घेऊ, असं तिने मनात ठरवलं होतं. पोरगी रडेना! शेवटी तानाबाईच रडायला लागली, आणि मयुरीने हात धुऊन तिला जवळ घेतलं.

"आई, थांब न थोडी. याच्यावर रिव्यू मागता येते. म्हनजे दुसरा अधिकारी पह्यल्याचं काम पुन्हा तपासते. पण त्याच्यात नवीन कागद चालत नाई. जे आपण दिलतं, त्यातच पह्यल्यानं काय चूक केली, तेवढी दाखवाची."

इथे लहानूजींनी नीट ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण 'नवीन कागद चालत नाई' हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते चपला घालून बंडूजींकडे निघाले होते.

बंडूजी म्हणजे शेजारचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. जगातलं कुठलंही काम अर्जाने होतं आणि कुठलाही अर्ज आपल्यालाच लिहिता येतो, अशी त्यांची खात्री. त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि मोठ्याने म्हणत लिहायला लागले, "प्रति, मेहेरबान व्हिसा अधिकारी साहेब, मुक्काम पोस्ट इंग्लंड. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदरहू अर्जदार हे गरीब परंतु होतकरू..."

"गरीब नका लिहू गा! खात्यात पैसा आहे असंच तं दाखवाचं आहे!"

"मंग होतकरू राहू देतो." बंडूजींनी गरीब खोडलं. "पन लहानूजी, नुसत्या अर्जानं काय होते? मुळावर घाव घाला! बँकेत जा अन् तो जीच कापून आना. जीच नाई राह्यला, तं साहेब बोट कायले ठेवन?"

लहानूजींना हे एवढं पटलं, की ते दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी बँकेच्या पायरीवर होते.

खिडकीपलीकडे नुकतीच बदलून आलेली एक बाई होती.

"मले माह्या नावातला जी काढाचा आहे," लहानूजी म्हणाले.

"का बरं?"

"कारन मी लहानूजी नाई! मी लहानू आहे!"

आता लहानूजींचा आवाज म्हणजे माइकवर घडलेला. साऱ्या बँकेने माना वळवल्या. एटीएमच्या रांगेतले दोघं आत आले.

"मग हे खातं कुणाचं आहे?" बाईने विचारलं.

"लहानूजीचं."

"आणि तुम्ही?"

"लहानू!"

"मग लहानूजी कुठे आहेत?"

"तेच तं! तो नाईच! साहेब म्हनते तो येगळा मानूस आहे! त्याले कापून टाका अन् माह्या मांगची कटकट मिटवा!"

बाईने खुर्ची मागे सरकवली. आत जाऊन मॅनेजरच्या कानाला लागली. मॅनेजर बाहेर आले, लहानूजींकडे नखशिखान्त पाहिलं, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "काका, ओळखीची तपासणी होईपर्यंत हे खातं तात्पुरतं थांबवतोय. लहानूजींना सोबत घेऊन या."

लहानूजी बाहेर आले तेव्हा त्यांच्याजवळ जी होता, पण खातं नव्हतं!

बातमी त्यांच्या आधी बसस्थानकावर पोचली. आणि बस जशी वाटेत प्रवासी घेत येते, तशी ही बातमीही वाटेत बरंच काही घेत आली. लहानूजी बँकेत दुसऱ्याचा पैसा काढताना सापडले. लहानूजी नावाचा कोणी दुसराच होता, तो बेपत्ता आहे. हे लहानू इतकी वर्षं त्याच्या नावावर नोकरी करून राह्यले! एक वाहक तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "मले पह्यलेच शंका होती. एवढा आवाज एका मानसाचा असूच शकत नाई!"

संध्याकाळी ताकसांडेंच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. चालक, वाहक, विहारातली मंडळी, कँटीनवाला, सगळे हजर. पण त्यांचं प्रेमही तेवढंच खरं. येताना त्यांनी एक लांबलचक निवेदन आणलं होतं, 'आम्ही खाली सह्या करणारे शपथेवर सांगतो की लहानू म्हणजेच लहानूजी होत.' खाली इतक्या सह्या, की मागच्या पानावर जागा संपून शेवटच्या चार सह्या तिकिटांच्या कोऱ्या कागदावर केल्या होत्या. बंडूजी खुर्चीवर चढले.

"मंडळी! निवेदनानं भागलं नाई, तं आपन कलेक्टर कचेरीसमोर मंडप टाकू! आमरन उपोषन!"

"इंग्लंडच्या साहेबाले वर्धेतलं उपोषन दिसन कसं?" तानाबाईने विचारलं.

"आनि बसन कोन?" कँटीनवाला म्हणाला.

मग मघाचा वाहक मागून ओरडला, "लहानूजी उपोषनाले बसन, अन् लहानू घरी जेवन!"

सगळे पोट धरून हसत होते तेवढ्यात मयुरी आली. प्रयोगशाळेतून थेट, केसांत कापसाचे तंतू, खांद्याला पिशवी. गर्दी पाहून ती फाटकातच थांबली. एकाने निवेदन पुढे केलं. बंडूजींनी अर्ज पुढे केला. आणि लहानूजी, ज्यांचा आवाज आर्वीपर्यंत जातो असं म्हणतात, ते खालच्या मानेने पुटपुटले, "मयुरी, बँकेनं खातं बंद केलं."

एखादी दुसरी पोरगी असती तर तिने कपाळ बडवून घेतलं असतं. मयुरीने पिशवी खुंटीला लावली. "आई, चहा ठेव, सगळ्यायले," म्हणाली, आणि निवेदन हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं. एकेक सही. तिकिटांच्या कागदावरच्याही. वाचता वाचता तिचे डोळे भरले. आलेल्या नकारावर न रडलेली पोरगी त्या सह्यांवर मात्र रडली, आणि लगेच हसली.

"काका, हे मी जपून ठेवीन. तिकडं नाई पाठवू शकत, पण जपून ठेवीन. तिकडचा नियम असा आहे, की आपण आधी दिलेल्या कागदावरच बोलाचं. आता आपण सारा जिल्हा जरी सहीले उभा केला, तरी तो साहेब म्हनन, हे तवा नव्हतं. उलट त्याले वाटन, यायच्याजवळ तवा पुरावा नव्हता, म्हनून आता गोळा करून राह्यले."

गर्दीला हे पटलं. बंडूजी खुर्चीवरून उतरले, पण हिंमत सोडली नाही. "मंग तू काय लिवलं, ते तरी दाखव."

मयुरीने मोबाइलवर लिहिलेला मजकूर मराठीत वाचून दाखवला. 'वडिलांच्या नावातल्या फरकाबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं भाषांतर अर्जासोबत दिलेलं होतं. ते मिळाल्याची नोंद तुमच्याच पोचपावतीत आहे. निर्णयात त्या कागदाचा उल्लेख नाही. तो विचारात न घेता निर्णय झाला, ही चूक आहे. ती दुरुस्त व्हावी.'

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढे काहीच नव्हतं!

"झालं?" लहानूजी हबकले. "अवं, इतकूसं? याच्यात तं मेहेरबानबी नाई! कृपावंत नाई! नम्र विनंतीबी नाई! अवं, दोन शब्द लाव न मांगंपुढं. मानसाचं मन पिघळाले पाह्यजे!"

"त्याचं मन कायले पिघळवाचं, बाबा?" मयुरी म्हणाली. आवाज न चढवता, अगदी साधेपणाने. "मी मेहेरबानी मागतच नाई आहे. माह्या कागदात काई कमी नव्हतं. चूक त्याची आहे, ती दाखवून राह्यली. नियमात हक्क आहे म्हनून दाखवून राह्यली."

लहानूजींनी नोकरीभर अर्ज केले होते. रजेचे, बदलीचे, बढतीचे. प्रत्येकात वाकून-वाकून लिहिलं होतं, आणि तसंच लिहायचं असतं अशी त्यांची समजूत होती. आपल्या अंगणात, आपल्याच पोटची पोरगी परमुलखातल्या साहेबाला ताठ मानेने 'ही चूक आहे' असं सांगते आहे, हे पाहून त्यांना काय वाटलं ते त्यांना सांगता येईना. त्यांनी नुसता चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी ते तो बराच वेळ पीत राहिले.

बंडूजींनी मात्र गळा खाकरला. "पोरीनं बरोबर लिवलं," ते म्हणाले, आणि स्वतःचा अर्ज घडी करून खिशात घातला. बंडूजींनी दुसऱ्याच्या अर्जाला बरं म्हटल्याची ही पहिलीच वेळ!

दुसऱ्या दिवशी मयुरी बापाला घेऊन बँकेत गेली. दारातच तिने सांगितलं, "बाबा, आत तुमी बोलाचं नाई." तेच प्रतिज्ञापत्र मॅनेजरपुढे ठेवलं. मॅनेजरनी ते वाचलं, लहानूजींच्या अंगठ्याचा ठसा घेतला, आणि चहा सांगायच्या आत खातं सुरू झालं. खिडकीतल्या बाईने लहानूजींकडे पाहून विचारलं, "मग आता काका, जी ठेवायचा की काढायचा?"

लहानूजींनी पोरीकडे पाहिलं. पोरीने मान हलवल्यावरच त्यांनी तोंड उघडलं. "ठेवा."

मग सुरू झालं वाट पाहणं. विद्यापीठाने मयुरीला पुढच्या, जानेवारीच्या तुकडीत जागा राखून ठेवली होती. ती रोज कामाला जायची, धागे ओढून-तोडून पाहायची, आल्यावर तिकडचे धडे वाचायची. जणू काही अडलेलंच नाही! अडलं होतं ते लहानूजींचं. माइकसमोर बसले की त्यांना काही सुचेना. एकदा तर सगळ्या बसस्थानकाने ऐकलं, "हिंगणघाटमार्गे इंग्लंडकडे जाणारी बस..." आणि पुढे नुसती खरखर. दोन म्हाताऱ्या खरंच उठल्या होत्या!

आणि कहर म्हणजे, या दिवसांत लहानूजी बस फलाटाला लागल्यावरच ती लागल्याचं सांगू लागले. प्रवाशांची इतकी गैरसोय झाली की विचारू नका. नेहमीच्या लोकांना जुन्या घोषणेच्या हिशेबाने निवांत चहा मागवायची सवय झालेली, घोषणा ऐकून चहा मागवावा तर गाडी निघून जायची!

डिसेंबरातल्या एका दुपारी मयुरी स्वतः बसस्थानकावर आली. नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून तिने मोबाइल आत धरला. पहिला निर्णय मागे घेतला आहे. व्हिसा देण्यात येत आहे.

लहानूजींनी ते एकदा वाचलं. इंग्रजी नीट कळलं नाही म्हणून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते कळलं. मग त्यांचा हात माइककडे गेला.

"बाबा," मयुरी म्हणाली.

हात थांबला. लहानूजींनी माइक बंद केला, बाहेर आले, आणि साऱ्या फलाटादेखत पोरीला सॅल्यूट ठोकला. गणवेशातला, कडक. चालक-वाहक पाहतच राहिले. मयुरी लाजून म्हणाली, "बाबा, काय करून राह्यले!" पण लहानूजींचा हात खाली येईना, आणि डोळे पुसायला दुसरा हात मोकळा होताच.

मयुरी गेली. शिकली. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत एकटीने राहिली, पहिल्या वर्गात पास झाली. इकडे लहानूजी निवृत्त झाले आणि त्यांना मोकळा वेळ भरपूर मिळाला. त्या वेळात ते रिव्यूचे तज्ज्ञ झाले! कुणाचं वीजबिल जास्त आलं, कुणाच्या पोराला गुण कमी मिळाले, की लहानूजी पाय लांब करून सांगायचे, "मेहेरबानी मागाची नाई. चूक दाखवाची. चार ओळी! माह्या पोरीनं इंग्लंडले दाखवली."

पदवीदानाचा दिवस ठरला तसं त्यांनी तानाबाईला सांगितलं, "मी जाऊन येतो. तुले विमानाची धास्ती आहे, तू टीव्हीवर पाहा. अन् मयुरीले काई इचारू नोको. माहा अर्ज मीच भरीन. आता मले सारं येते!"

आणि भरला. कोणाला दाखवला नाही. ठसेसुद्धा एकट्याने जाऊन देऊन आले. काही दिवसांनी उत्तर आलं. नामंजूर!

लहानूजींनी तत्काळ व्हिडिओ कॉल लावला. "मयुरी! पाह्यलं? पुन्हा चुकले ते! घे, टाक रिव्यू! चार ओळी!"

मयुरीने उत्तर आणि अर्ज दोन्ही मागवून घेतले. वाचता वाचता तिने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. लहानूजींना वाटलं पोरगी रडते आहे. पोरगी हसत होती!

"बाबा, कशासाठी येऊन राह्यले, त्याच्यापुढं काय लिवलं तुमी?"

"जे मनात होतं ते! पोरीले पदवी घेताना डोळे भरून पाह्यल्याशिवाय मी वापस येनार नाई!"

"इंग्रजीत 'पाह्यल्याशिवाय' राहून गेलं, बाबा. तुमी लिवलं, 'मी पोरीले डोळे भरून पाहीन. मी वापस येनार नाई.' खाली सही."

लहानूजींच्या मागून तानाबाईचं हसू ऐकू येत होतं.

"मंग आता?" लहानूजींनी बारीक आवाजात विचारलं.

"आता नवीन अर्ज. मी लिवते. वेळ आहे अजून."

"अन् रिव्यू?"

"बाबा, पाहुण्याच्या व्हिसाले रिव्यू नसते. अन् असता तरी त्याच्यात लिवू काय?" मयुरी डोळे पुसत म्हणाली. "साहेबानं कागद पाह्यला नाई असं? या खेपेले तं त्यानं पुरा वाचला!"